रॅमिप्रिल बंद, सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन सुरू : मधले ३६ तास आणि गोळ्यांचा जुना डबा

निशिगंध | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार. बाबांबद्दल लिहितेय. वय ६८, दोन वर्षांपूर्वी मोठा हार्ट अटॅक येऊन गेला, तेव्हापासून हार्ट फेल्युअर. परवाच्या इकोत ईएफ (दर ठोक्याला हृदय किती रक्त बाहेर टाकतं त्याची टक्केवारी) ३० टक्के. या महिन्यात पुन्हा दम लागला, पायांवर सूज आली, सहा दिवस अ‍ॅडमिट होते. घरी सोडताना डॉक्टरांनी रॅमिप्रिल बंद करून सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन सुरू केलं. रॅमिप्रिलची शेवटची गोळी बुधवारी सकाळी ८ ला, नवीन औषधाची पहिली गुरुवारी रात्री ८ ला. मधे ३६ तास जायलाच हवेत, हे त्यांनी दोनदा बजावलं. मी दोन्ही वेळा "हो" म्हटलं.

तरीही चूक झाली. शुक्रवारी सकाळी आईने आठवड्याचा डबा भरला. दोन वर्षं तीच भरतेय, रॅमिप्रिलची पांढरी गोळी तिला न वाचता ओळखू येते. हात सवयीने त्या पाकिटाकडे गेला. डिस्चार्जच्या कागदावर पहिल्या पानावर चालू औषधांची यादी होती. काय बंद केलंय ते दुसऱ्या पानावर, तळाला, एका ओळीत. आईला ते कुणी वाचून दाखवलं नव्हतं. म्हणजे मीच दाखवलं नव्हतं.

रविवारी सकाळी गोळ्या द्यायला मी डबा उघडला, तर सकाळच्या कप्प्यात एक गोळी जास्त. मोजल्या, पुन्हा मोजल्या. शुक्रवार आणि शनिवार, दोन्ही सकाळी दोन्ही औषधं एकत्र पोटात गेली होती. लगेच वॉर्डच्या नंबरवर फोन केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ओठ, जीभ, चेहरा सुजलाय का? आवाज बदललाय का? गिळायला त्रास? काहीच नव्हतं. मग डॉक्टरांना विचारून सांगितलं की रॅमिप्रिल आत्ताच्या आत्ता डब्यातून काढा, नवी गोळीही सकाळी देऊ नका, शनिवारच्या रॅमिप्रिलपासून ३६ तास झाले की, म्हणजे रविवारी रात्री ८ नंतर, परत सुरू करा. तो दिवस मी बाबांच्या ओठांकडे बघत काढला. देवाच्या दयेने काही झालं नाही.

आता प्रश्न. हे ३६ तासांचं नेमकं कारण काय? मला समजून घ्यायचंय, म्हणजे आईलाही समजावता येईल. दुसरं, आज सकाळी बीपी ९८/६२ आलं (आधी ११८/७४ च्या आसपास असायचं). चक्कर नाही, नीट चालतायत. पण आई म्हणतेय रात्रीची गोळी नको देऊ. आणि तिसरं, आठवड्याने पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) करायला सांगितलंय. बाबांना वाटतं, आत्ताच तर इतक्या तपासण्या झाल्या, पुढच्या महिन्यात करू. ते पुढे ढकलणं चालेल का?

---

स्टेथो | सोमवार, रात्री ११:२५

निशिगंध, चूक लक्षात आल्याबरोबर तुम्ही फोन केलात, हे सगळ्यात महत्त्वाचं. अनेक घरांत अशी चूक पोटातच ठेवली जाते. मी फिजिशियन आहे, पण बाबांचा डोस इथून सांगणार नाही. तो त्यांच्या डॉक्टरांचाच. कारण मात्र सांगतो.

हृदयावर ताण आला की हृदय स्वतःच काही पेप्टाइड्स सोडतं. ती मूत्रपिंडाला सांगतात, मीठ-पाणी बाहेर टाक. रक्तवाहिन्यांना सांगतात, सैल हो. म्हणजे दुखऱ्या हृदयाने स्वतःसाठी केलेली सोय. पण शरीरात नेप्रिलायसिन नावाचं एन्झाइम असतं, ते या पेप्टाइड्सची विल्हेवाट लावत राहतं. सॅक्युबिट्रिल ते एन्झाइम रोखतं, त्यामुळे ही सोय जास्त वेळ टिकते.

आता मेख अशी की नेप्रिलायसिन तेवढंच काम करत नाही. ते अँजिओटेन्सिन-२ सुद्धा मोडतं, जे रक्तवाहिन्या आवळतं. एन्झाइम रोखलं की तेही साठणार, म्हणून सोबत व्हॅलसार्टन दिलेलं असतं. ते अँजिओटेन्सिनला त्याच्या जागेवर बसू देत नाही. आणि नेप्रिलायसिन ब्रॅडीकायनिनही मोडतं. ब्रॅडीकायनिन वाढलं की रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून ओठ, जीभ, घसा सुजू शकतो. याला अँजिओएडेमा म्हणतात. ब्रॅडीकायनिन मोडणारं दुसरं मोठं एन्झाइम म्हणजे एसीई, आणि रॅमिप्रिल नेमकं तेच बंद करतं. दोन्ही औषधं एकत्र म्हणजे ब्रॅडीकायनिन जायची दोन्ही दारं बंद.

हे नुसतं पुस्तकी भय नाही. आधी ओमापॅट्रिलॅट नावाचं एक औषध तयार झालं होतं, एकाच गोळीत एसीई आणि नेप्रिलायसिन दोन्ही रोखणारं. २५,३०२ उच्चरक्तदाबाच्या रुग्णांवरच्या चाचणीत अँजिओएडेमा २.१७ टक्के लोकांना झाला, तुलनेच्या एनालाप्रिलवर (रॅमिप्रिलच्याच गटातलं औषध) ०.६८ टक्के. ते औषध बाजारात आलंच नाही. एसीई रोखणाऱ्या औषधाऐवजी सार्टान (व्हॅलसार्टनच्या गटातलं औषध) जोडायचं, हा धडा तिथून मिळाला. ३६ तास हे जुन्या औषधाचा परिणाम ओसरायला दिलेले आहेत. उलट दिशेनेही तोच नियम: पुढे कधी हे बंद करून पुन्हा रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल द्यायचं ठरलं तरी मधे ३६ तास. आधीचं औषध लोसार्टन, टेल्मिसार्टन यांसारखं असेल तर मात्र ही वाट बघावी लागत नाही. पुढच्या वेळेला थेट नवीन सुरू करतात. पण दोन्ही एकत्र घ्यायची नाहीत, कारण व्हॅलसार्टन आत आहेच.

ओठ, जीभ किंवा घसा सुजला, आवाज घोगरा झाला, तर वेळ न घालवता इमर्जन्सी. घरात अ‍ॅलर्जीची गोळी देऊन वाट बघू नका. ही सूज हिस्टामाइनची नसते, त्या गोळीचा तिच्यावर फारसा उपयोग होत नाही. आणि एकदा असं झालं की हे औषध आयुष्यात पुन्हा नाही. पूर्वी कधी रॅमिप्रिलसारख्या गोळीने सूज आली असेल तरीही नाही, त्यामुळे तो इतिहास डॉक्टरांना आपणहून सांगायचा.

बीपीबद्दल. ९८ हा आकडा एकटा काही सांगत नाही. माणूस कसा आहे ते बघायचं. उठल्यावर अंधारी येते का, थकवा वाढलाय का, लघवी कमी झालीय का? बाबा नीट चालत असतील तर त्या आकड्यावर गोळी वगळायची नाही. वरचा आकडा ९० च्या खाली जाऊ लागला किंवा चक्कर येऊ लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. बरेचदा अशा वेळी हे औषध कमी करत नाहीत, लघवीची गोळी कमी करतात. सूज उतरलेली असते, पण ती गोळी (फ्युरोसेमाइड) दवाखान्यातल्या डोसवरच चालू राहिलेली असते. तो निर्णय घरी घ्यायचा नाही, एवढंच.

रक्ततपासणी पुढे ढकलू नका. यावर सविस्तर कुणीतरी लिहीलच, मला राउंडला जायचंय.

---

खलबत्ता | मंगळवार, सकाळी ७:१०

स्टेथोंनी सोडलेला धागा मी पकडतो. मी फार्मासिस्ट, रोज हेच हाताळतो.

बाबांना स्पायरोनोलॅक्टोन चालू आहे का? बहुतेक असेल. हार्ट फेल्युअरच्या ज्या रुग्णांचा ईएफ कमी असतो त्यांना आता साधारण चार प्रकारची औषधं देतात: हे सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि डॅपाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिनच्या गटातलं एक. यातली पहिली आणि तिसरी, दोन्ही पोटॅशियम वाढवतात. पोटॅशियम वाढलेलं माणसाला जाणवत नाही. दुखत नाही, खुपत नाही. थेट हृदयाच्या ठोक्यांवर येतं. म्हणून रक्त तपासायचं.

तपासणी चुकली तर काय होतं, याचं एक उदाहरण मी नवीन मुलांना नेहमी सांगतो. १९९९ मध्ये स्पायरोनोलॅक्टोनची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, १६६३ रुग्ण, मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांनी कमी. औषध उत्तमच, आजही आहे. पण चाचणीत रुग्ण निवडून घेतलेले होते आणि त्यांचं रक्त वेळच्या वेळी तपासलं जात होतं. बाहेर सगळ्यांनी ते भराभर लिहायला घेतलं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या वयस्क हार्ट फेल्युअर रुग्णांचा अभ्यास २००४ मध्ये आला. पोटॅशियम वाढून दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होतं, ते २००१ पर्यंत हजारी ११ झालं. गोळी तीच होती, पण तिच्यामागची देखरेख सगळीकडे पोचली नव्हती. बाबांना हे सांगा. मागची तपासणी जुन्या औषधावरची होती. नवीन औषधाने काय केलं हे ती सांगूच शकत नाही. सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत आणि दर वेळी डोस वाढवल्यावर पुन्हा, असा हिशेब असतो. पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं तर डॉक्टर डोस कमी करतात, ६ च्या वर म्हणजे तातडीचं काम. क्रिएटिनिन सुरुवातीला थोडं वाढणं अपेक्षित असतं, तेवढ्यावर घाबरून गोळी सोडू नये. किती वाढ चालेल ते डॉक्टर ठरवतील.

आता घरातलं मीठ बघा. "कमी सोडियमचं" म्हणून जे मीठ मिळतं त्यात सोडियमच्या जागी बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइड असतं. हृदयाला चांगलं म्हणून कुणी प्रेमाने आणून देतं आणि पोटॅशियम चढतं. पाकिटावरचे घटक वाचा.

दुखण्याच्या गोळ्या: आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन नकोत. मीठ-पाणी अंगात धरून ठेवतात आणि या औषधासोबत मूत्रपिंडावर ताण आणतात. गुडघेदुखीला चिठ्ठीशिवाय घेतलेली गोळी बहुतेक यांच्यातलीच असते. पॅरासिटामॉल साधारणपणे चालतं, पण पाण्यात टाकल्यावर फसफसणारी गोळी घेऊ नका. एकेका गोळीत जवळजवळ ४०० मिलिग्रॅम सोडियम असू शकतं. लिथियम चालू असलेल्यांनी हे औषध सुरू करताना डॉक्टरांना सांगायलाच हवं, रक्तातली लिथियमची पातळी वाढू शकते.

आणि आकड्यांचा एक घोळ. गोळीच्या तीन ताकदी आहेत: २४/२६, ४९/५१ आणि ९७/१०३. पहिला आकडा सॅक्युबिट्रिलचा, दुसरा व्हॅलसार्टनचा. बेरीज केली की ५०, १०० आणि २००. काही पाकिटांवर बेरीज छापलेली असते, काहींवर जोडी. त्यामुळे चिठ्ठीवर "५०" आणि पाकिटावर "४९/५१" असं दिसलं की पुष्कळ जण तेच समजतात. ते दुप्पट आहे! ५० म्हणजे २४/२६. पाकीट घेताना समोरच्याला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.

आईंसाठी सोपी खूण: ज्या औषधाचं नाव "-प्रिल" वर संपतं ते आता घरात नको. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल. बीपीच्या जोडगोळ्यांमध्येही ते लपलेलं असतं, तेव्हा समोरचं मोठं नाव वाचून थांबू नका, मागचे घटक वाचा.

---

निशिगंध | मंगळवार, सकाळी ८:०५

स्पायरोनोलॅक्टोन २५ चालू आहे. आणि खलबत्ता, आत्ताच पाकीट बघितलं. चिठ्ठीवर ५०, पाकिटावर २४/२६. बरोबर आहे, पण तुम्ही लिहिल्यावर छातीत धस्स झालं खरं. मीठही बघितलं, साधंच आहे. रात्रीची गोळी दिली. सकाळी १०२/६४.

---

सरळरेघ | मंगळवार, दुपारी १:३०

माझा अनुभव थोडा वेगळा. माझ्या काकांना हेच औषध वर्षभर होतं. ईएफ २८ वरून ५० झाला, दम गेला, पायऱ्या चढू लागले. मग त्यांनी हळूहळू सगळं बंद केलं. सहा महिने झाले, व्यवस्थित आहेत. बरं झाल्यावरही जन्मभर इतकी औषधं का घ्यायची? किडनीवर परिणाम होतोच ना शेवटी?

---

उतारवाट | मंगळवार, दुपारी ३:५०

सरळरेघ, मी स्वतः रुग्ण आहे, वय ५४. तुमच्या काकांच्या जागी मी होतो, म्हणून लिहितो.

माझा ईएफ २५ होता. दीड वर्ष औषधं नियमाने घेतली, ४८ झाला. इकोचा रिपोर्ट हातात आला त्या दिवशी मला वाटलं, सुटलो. आधी सकाळची गोळी चुकू लागली, मग रात्रीची. डॉक्टरांना सांगितलं नाही, कारण त्रासच काही नव्हता. पहिला महिना छान गेला. दुसऱ्या महिन्यात झोपताना एक उशी जास्त लागायला लागली. मी ती उशी घेतली आणि विचारही केला नाही की का लागतेय. मग बुटाची नाडी बांधायला वाकलो की दम लागायचा. चौथ्या महिन्यात पहाटे तीन वाजता उठून खिडकीत बसलो, श्वास आत जाईना. चार दिवस आयसीयूत. ईएफ परत ३०.

औषधं पुन्हा सुरू झाली, पण या वेळी ईएफ ४० च्या पुढे गेला नाही. ते ८ टक्के मी स्वतः घालवले. काकांना सहा महिने झाले म्हणता. त्यांचा इको बंद केल्यावर झालाय का? त्यांना एवढंच विचारा की रात्री उशा किती लागतात.

---

स्टेथो | मंगळवार, रात्री ९:१५

उतारवाट, मनापासून लिहिलंत, धन्यवाद.

सरळरेघ, या प्रश्नावर नेमकी एक चाचणी झाली आहे, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. डायलेटेड कार्डिओमायोपॅथीचे (हृदय पसरून कमकुवत होण्याचा आजार) ५१ रुग्ण, सगळ्यांचं हृदय औषधांनी सावरलेलं, कुणालाच लक्षणं नाहीत. २५ जणांची औषधं देखरेखीखाली हळूहळू बंद केली. सहा महिन्यांत ११ जणांचा आजार परतला, म्हणजे ४४ टक्के. औषधं चालू ठेवलेल्या २६ जणांत एकाचाही नाही. चाचणी लहान आहे, पण कौल स्पष्ट आहे. आकडा सुधारला याचा अर्थ बहुतेकांमध्ये आजार आवरलेला आहे, संपलेला नाही. काकांचा इको लवकर करून घ्या, आणि त्यांनी बंद केल्याचं त्यांच्या डॉक्टरांना खरं खरं सांगा.

किडनीबद्दल: लक्ष न ठेवता घेतलं तर त्रास होऊ शकतो, म्हणून तर तपासण्या. पण "शेवटी किडनी जातेच" हे खरं नाही. २०१४ च्या मोठ्या चाचणीत या औषधाची तुलना एनालाप्रिलशी झाली, ८३९९ रुग्ण. हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती, यांपैकी काही तरी झालेले एनालाप्रिलवर २६.५ टक्के, या औषधावर २१.८ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधी थांबवली. लक्षणं दिसण्याइतकं बीपी उतरण्याचं प्रमाण मात्र यावर जास्त होतं, १४ टक्के विरुद्ध ९.२. शिवाय त्या चाचणीत सुरुवातीच्या टप्प्यात ज्यांना औषध सोसलं नाही ते आधीच वगळले होते. म्हणून मी माझ्या रुग्णांना सांगतो की सुरुवातीचे आठवडे सांभाळून, आणि डोस दोन ते चार आठवड्यांच्या टप्प्यांनी, सोसेल तसा. लक्ष्य ९७/१०३ दिवसातून दोनदा. तिथवर पोचता आलं नाही तरी जेवढा सोसतो तेवढा डोस घेणं हे काहीच न घेण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

---

रात्रपाळी | बुधवार, सकाळी ६:२०

कार्डिअ‍ॅक वॉर्डात सिस्टर आहे, ड्युटी संपवून लिहितेय. निशिगंध, आईंवर रागावू नका आणि स्वतःवरही नको. डबा भरणाऱ्या माणसाला "काय सुरू" इतकंच "काय बंद" हे कळायला हवं, आणि ते सांगणं आमचंही काम आहे. मी आता डिस्चार्जच्या वेळी नातेवाइकांना घरून जुना डबा आणायला सांगते. बंद झालेली गोळी मी त्यांच्या हातून काढून घेते आणि रिकाम्या कप्प्यावर बोट ठेवायला लावते. वाचलेलं विसरतं, हाताने केलेलं राहतं. उरलेली पाकिटं घरात "लागलीच तर" म्हणून ठेवू नका. औषधांच्या दुकानात नेऊन परत घेतात का विचारा, नाहीतर निदान डब्यापासून लांब, वेगळ्या पिशवीत, वर मोठं "बंद" लिहून.

बीपी घेताना पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर. मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा. उभं राहिल्यावर किती उतरतं हे बसलेल्या आकड्यापेक्षा डॉक्टरांच्या जास्त उपयोगी पडतं. रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या कडेला बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं. आमच्याकडे पडून आलेले बहुतेक असेच पहाटे उठताना पडलेले असतात.

वजन रोज. सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर, साधारण त्याच कपड्यांत. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढलं तर फोन करा, सूज दिसायची वाट बघू नका. पाणी आधी वजनात दिसतं, पायावर नंतर.

आणि जुलाब, उलट्या, कडक ताप आला, खाणंपिणं थांबलं, तर त्याच दिवशी विचारा की आज कोणत्या गोळ्या द्यायच्या. अंग कोरडं पडलेलं असताना लघवीची गोळी, हे औषध आणि स्पायरोनोलॅक्टोन सगळं नेहमीसारखं रेटलं की क्रिएटिनिन आणि पोटॅशियम दोन्ही उसळतात. हा फोन नंबर आत्ताच, बरं असतानाच मिळवून ठेवा. एखादी गोळी चुकली तर आठवल्यावर घ्यायची. पुढचीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यायची. दोन एकदम कधीच नाही.

---

अबोली_२ | बुधवार, सकाळी ११:००

आमच्या सासूबाईंचं उलटंच झालं. औषध सुरू झालं, तब्येत सुधारली, आणि दुसरीकडे केलेल्या तपासणीत बीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेला आला. तिथे सांगितलं की हार्ट फेल्युअर बिघडतंय. आम्ही आठवडाभर झोपलो नाही. हे असं होतं का?

---

स्टेथो | बुधवार, दुपारी २:१०

होतं. बीएनपी हे नेप्रिलायसिन ज्यांना मोडतं त्या पेप्टाइड्सपैकीच एक. मोडणारं एन्झाइम रोखलं की बीएनपी औषधामुळेच वाढू शकतो. या औषधावर असताना एनटी-प्रोबीएनपी करायचा. त्याला नेप्रिलायसिन मोडत नाही, त्यामुळे तो हृदयाची खरी अवस्था दाखवतो. दोन्ही नावं सारखी आहेत, पण एकाचा आकडा दुसऱ्याशी ताडून बघायचा नाही. कुठेही रक्त देताना हे औषध चालू असल्याचं आधी सांगा.

---

पाऊलखुणा | बुधवार, रात्री १०:३०

वाचनमात्र होते, पण विचारते. बाळंतपणानंतर माझं हृदय कमकुवत झालं, तेव्हापासून हेच औषध घेतेय. आता तब्येत बरी आहे. दुसऱ्या बाळाचा विचार घरात सुरू झालाय.

---

खलबत्ता | बुधवार, रात्री ११:०५

पाऊलखुणा, आधी डॉक्टर, मग विचार. हे औषध गरोदरपणात चालत नाही. व्हॅलसार्टनच्या गटातल्या औषधांनी पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडाला इजा होते, बाळ दगावूही शकतं. तोवर खात्रीचं गर्भनिरोधक वापरा, आणि पाळी चुकली तर वाट न बघता त्याच दिवशी कळवा. पण भीतीपोटी गोळी स्वतःहून आज बंद करू नका. उतारवाट यांनी वर लिहिलंय तेही तितकंच खरं आहे. बाळंतपणात एकदा कमकुवत झालेलं हृदय पुढच्या गरोदरपणात पुन्हा बिघडू शकतं, म्हणून हृदयरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांशी एकत्र बोलणं गरजेचं आहे.

---

सरळरेघ | गुरुवार, रात्री ९:४०

काल काकांकडे गेलो होतो. उशा विचारल्या. आधी एक होती, आता तीन आहेत. काकूंनी सांगितलं, ते स्वतः बोलले नाहीत. शनिवारी इकोची वेळ घेतली आहे, मी सोबत जातोय.

---

निशिगंध | तीन आठवड्यांनंतर

धागा वर काढतेय, कारण तुम्ही सगळ्यांनी जे लिहिलंत ते घरात वापरात आलंय.

रक्त आठव्या दिवशी दिलं. बाबांना ओंटारिओची गोष्ट सांगितली, ते स्वतः कपडे करून तयार बसले. पोटॅशियम ४.९, क्रिएटिनिन १.२ वरून १.३. डॉक्टर म्हणाले, चालू ठेवा. उभं राहिल्यावरचे आकडे वहीत लिहून नेले होते. ते बघून त्यांनी फ्युरोसेमाइड निम्मं केलं. त्यानंतर सकाळी अंगात जी मरगळ असायची ती गेली. वजन स्थिर आहे.

काल डोस ४९/५१ झाला. चिठ्ठीवर "१००" लिहिलं होतं. दुकानात मी काही बोलायच्या आधी आईनेच पाकीट उलटं केलं, ४९ आणि ५१ ची बेरीज करून बघितली आणि मगच पिशवीत टाकलं. घरी आल्यावर २४/२६ ची उरलेली पाकिटं तिने वेगळी काढली, त्यावर "बंद" लिहिलं. डब्याच्या झाकणाला आतून तिने कागद चिकटवलाय. वर चालू गोळ्या, खाली लाल पेनाने "प्रिल नाही".

डोस वाढल्यामुळे पुढचं रक्त दहा दिवसांनी. तारीख बाबांनी स्वतः वहीत लिहिलीय.